खांबाच्या बुडाशी कोरलेलं नाव

नाद्या,

तू गेल्याचं कळलं त्या दिवशी मी रडलो नाही. वर्कशॉपच्या दारात उभं राहून तुला एक शिवी दिली. आमच्या रत्नागिरीकडची, जी तू इथे कतारला आल्यावर पहिल्याच महिन्यात पाठ केली होतीस. मेलेल्या माणसाला वाईट बोलू नये म्हणतात. पण पाच महिने मी एक वाक्य तोंडात घोळवत होतो, आणि ते ऐकून न घेताच तू गेलास. तुझ्या बहिणीनं, आदुनीनं, फोनवर सांगितलं की तू मोटारसायकलवर मागे बसला होतास आणि समोरून ट्रक आला. पुढचं मी विचारलं नाही.

तू आलास तेव्हा कागदावर नुसता शटरिंगचा सुतार होतास. काँक्रीटसाठी फळ्या ठोकणारा. नाव ओलोनादे. ते कुणाला नीट म्हणता येईना, म्हणून आमच्या कोकणातल्या पोरांनी त्याचं नाद्या केलं, आणि फोरमन असून मीही तेच उचललं. पंधरा दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत तू मला सांगितलंस की ओलोना म्हणजे कोरणारा आणि ओलोनादे म्हणजे कोरणारा घरी आला. तुझ्या घराण्यातले लोक पिढ्यान् पिढ्या राजवाड्यांचे खांब कोरत आले, त्यांच्यात पोर जन्मलं की असं नाव.

"आणि नाद्या म्हणजे काय?" तू विचारलंस.

"एखाद्या गोष्टीच्या नादी लागून वेडा झालेला."

"मग चालेल," तू म्हणालास. "पण एग्बॉन, खरं नाव विसरू नकोस."

एग्बॉन म्हणजे थोरला भाऊ. वयानं मोठ्या माणसाला तुम्हा आफ्रिकेतल्या योरुबा लोकांत नावानं हाक मारत नाहीत, आमच्यासारखंच. आपलं सगळं बोलणं मोडक्या हिंदी-इंग्लिशमध्ये चालायचं, त्यात हा एक शब्द तुझ्या भाषेतला. तो ऐकला की मला बरं वाटायचं. किती बरं वाटायचं, ते तो बंद झाल्यावर कळलं.

आपलं पहिलं भांडण डोक्यावरून झालं. टाकाऊ सागवानाच्या तुकड्यातून तू एक बाई कोरली होतीस, गुडघ्यांवर बसलेली, हातात वाडगा. काम इतकं साफ होतं की मला मत्सर वाटला. मत्सर वाटला की माणूस चूक शोधतो. मी म्हटलं, "डोकं मोठं झालंय. धडाला शोभत नाही."

"डोकं मोठंच असतं."

"अरे, माप बघ ना. माणसाचं असतं का एवढं?"

तू पटाशी खाली ठेवलीस आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलास, "आलो ओ!" तुमच्याकडे गोष्ट सांगणारा अशी हाक देतो आणि ऐकणाऱ्यांनी उलट "आलो!" म्हणायचं असतं. आम्हाला काय ठाऊक? मी म्हटलं, "आलास तर बस." सगळे मराठी सुतार हसून लोळले. मग तू आम्हाला नीट जबाब द्यायला शिकवलंस आणि अजाला कुंभाराची गोष्ट सांगितलीस. माणूस जन्माला यायच्या आधी त्याचं शरीर एक देव मातीतून घडवतो, पण डोकं ज्यानं त्यानं स्वतः जाऊन निवडायचं. डोकी असतात अजालाच्या घरी. अजाला कारागीर मोठा, पण बेफिकीर. काही डोकी नीट भाजलेली, काही कच्ची, काहींना आतून तडा. बाहेरून सगळी सारखीच दिसतात. जो तो आपलं डोकं उचलतो, धडावर ठेवतो आणि पृथ्वीकडे निघतो. वाटेत पाऊस लागतो. कच्चं डोकं तिथेच विरघळायला लागतं, आणि तो माणूस पुढे आयुष्यभर राबतो तो फक्त ते डोकं लिंपायला.

"म्हणून आम्ही डोकं मोठं कोरतो," तू म्हणालास. "माणसाचं सगळं त्यातच असतं. पाय कुणी बघत नाही."

मी मान्य केलं नाही. शेवटपर्यंत केलं नाही. माझा बाप देवळांची कामं करायचा, त्यानं मला माप शिकवलं होतं, आणि मापाबाहेर काही सुंदर असू शकतं हे कबूल करायला माझी जीभ वळेना. आता वाद घालायला तू नाहीस, तर एकट्यानं कबूल करून काय उपयोग?

पण त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तुझी गोष्ट असायचीच. कासवाच्या लबाड्या, नदीच्या देवीचं रुसणं, लोखंडाच्या देवाचा राग. सगळे देव पहिल्यांदा पृथ्वीवर उतरले तेव्हा वाटेत रान माजलेलं होतं, तेव्हा ओगुननं आपल्या कोयत्यानं वाट काढली. म्हणून सुतार, लोहार, ड्रायव्हर, ज्याच्या हातात लोखंड तो ओगुनचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही खंडेनवमीला हत्यारं मांडली तेव्हा तू लाकूड तासायचा तुझा वाकस आणून रांगेत ठेवलास आणि मला म्हणालास, "माझ्याही देवाला कुंकू लाव."

आणि माझी आई गेली तेव्हाचं. मला सुट्टी मिळाली नाही. हॉटेलचे दरवाजे द्यायचे होते, वर्ल्ड कपच्या आधी सगळं उघडायचं होतं, तेव्हा कुणालाच सोडत नव्हते. दुपारी शेडमध्ये मी डबा न उघडता बसलो होतो. तू शेजारी येऊन बसलास. धीर वगैरे दिला नाहीस. "तिनं काय काय केलं ते सांग," म्हणालास. मला वाटलं, माझं मन रमवतोयस. मी म्हटलं, आजारी वासरू खांद्यावर घेऊन घाटी उतरली होती. तू ते तुझ्या भाषेत म्हटलंस, सुरात. "अजून?" फणस हातानं फोडायची, कोयती न लावता. तेही म्हटलंस. "अजून?" मग मला रडू आलं आणि मी म्हटलं, एकदा माझ्या बायकोला उलथनं फेकून मारलं होतं.

"तेही म्हणायचं," तू म्हणालास आणि म्हटलंस.

मला राग आला. "ते कशाला?"

"एग्बॉन, ही ओरिकी आहे. माणसाची ओळख. फक्त चांगलं म्हटलं तर ती कुणाचीही होईल."

जिला कधी पाहिलं नव्हतंस त्या माझ्या आईला तू अर्धा तास गात होतास, कतारमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. आमच्या वाडीत तिच्या दहाव्यालाही तिच्याबद्दल एवढं कुणी बोललं नसेल. हे उपकार मी कसे फेडले, ते आता सांगायचंय.

हॉटेलच्या डिझायनरला लाउंजसाठी दोन आफ्रिकन खांब हवे होते. तयार मागवले असते तर वेळेत पोचले नसते. मीच साहेबांना म्हटलं, आपल्याकडे माणूस आहे. साहेब पुण्याचे, इंजिनिअर, बोलायला गोड. त्यांनी तुझी ती गुडघ्यांवर बसलेली बाई पाहिली आणि म्हणाले, "वा! करू दे की."

लाकूड आलं तेव्हा ते उतरवून घ्यायला आपण दोघं हमद पोर्टला गेलो होतो. इरोको. तुमच्याकडचंच. ट्रेलरवर चढवायच्या आधी तू ओंडक्याला कान लावलास, पाण्याची बाटली थोडी त्यावर ओतलीस आणि काहीतरी पुटपुटलास. इरोकोत एक म्हातारा राहतो, त्याला विचारल्याशिवाय हत्यार लावायचं नसतं. मी हसलो नाही. आमच्याकडेही झाड तोडायच्या आधी नारळ ठेवतात.

मग पुढच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आपण अल रुवैसला गेलो. बंदरावर मासळीच्या होड्या लागलेल्या, तू धक्क्यावर पाय सोडून बसलास आणि म्हणालास, "खांबाच्या बुडाशी माझं नाव कोरणार."

मी म्हटलं, "खांबावर कुणी नाव कोरतं का? माझ्या बापानं गावच्या देवळाचे अकरा खांब कोरले. एकावरही नाव नाही. देवाचं काम बिननावाचं असतं."

"देवळात कुणाचंच नाव नाही?"

तिथे मी अडकलो. कारण फरशीवर नावं आहेत. ज्यांनी देणग्या दिल्या त्यांची, संगमरवरात, त्यांच्या बापांच्या स्मरणार्थ. मी ते सांगितलं.

"आमच्या गावात मीही नाव कोरणार नाही," तू म्हणालास. "तिथे खांब बघून लोक सांगतात, हा अमक्याचा हात. इथे माझा हात कोण ओळखणार? पाहुणे येतील, बघतील, जातील. आफ्रिकेतून आणलंय म्हणतील. माझ्या आजाचे खांब परदेशातल्या संग्रहालयात आहेत. खाली लिहिलंय, कारागीर अज्ञात. अज्ञात! त्याची ओरिकी आमच्या घरातलं शेंबडं पोर म्हणून दाखवेल." मग माझ्याकडे वळलास. "एग्बॉन, तू फोरमन आहेस. माझं नाव राहील, असं वचन दे."

मी म्हटलं, दिलं.

"असं नाही. लोखंडावर."

धक्क्यावर एक गंजका नांगर पडला होता. तू सांगितलंस, जीभ लाव. तुमच्याकडे कोर्टातही काही लोक लोखंडावर शपथ घेतात, ओगुनच्या नावानं, आणि ती मोडणाऱ्याला लोखंडच गाठतं. मी चेष्टेचेष्टेत वाकलो आणि जीभ लावली. खारट, कडू. तू हसला नाहीस.

चार महिने तू ते दोन खांब कोरलेस. एकावर घोडेस्वार, एकावर पाठीशी पोर बांधलेली बाई. दोघांची डोकी मोठी. मी रोज संध्याकाळी पाच मिनिटं नुसता बघत उभा राहायचो. बायकोला फोनवर सांगायचो. वीस वर्षांनी मी स्वतः पुन्हा गोल पटाशी हातात धरली ती त्या दिवसांत, आणि तू माझा हात धरून तुझा घाव शिकवलास, बाहेरून आत, श्वास सोडताना. शेवटी स्वाराच्या बुडाशी तू अक्षरं काढलीस. करंगळीएवढी. ओलोनादे, आणि खाली तुझ्या बापाचं नाव.

दुसऱ्या दिवशी तू वर्कशॉपमध्ये नव्हतास, हॉटेलच्या साइटवर होतास. साहेब खांब बघायला आले, वाकले आणि म्हणाले, "दत्ता, हे खाली काय?"

"साहेब, नाव आहे त्याचं."

"अरे, नाव कशाला? क्लायंटची पितळी पाटी लागणार आहे, तिच्यावर आपल्या कंपनीचं नाव येईल. हे घासून टाक."

"मी त्याला शब्द दिलाय, साहेब."

ते हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शब्द तू दिलास, कंपनीनं नाही. आणि पुढच्या प्रोजेक्टला मला तूच फोरमन हवायस. उद्या सकाळी डिलिव्हरी आहे. बघ कसं करतोस ते."

त्यांनी धमकी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, आज मला तिच्यामागे लपता आलं असतं. ते निघून गेले आणि मी उभा राहिलो. दुसऱ्या कुणाला सांगू शकलो असतो. पण दुसऱ्यानं ते खरवडलं असतं, लाकूड फाडलं असतं. म्हणून मी स्वतः बसलो. आधी पटाशी, बाहेरून आत, श्वास सोडताना. मग छोटा रंधा, मग पॉलिशपेपर, मग तेल. आधी तुझ्या बापाचं नाव गेलं, मग तुझं. मी ते काम चांगलं केलं, नाद्या. माझ्या बापानं शाबासकी दिली असती इतकं. कुठे खळगा नाही, रंगात फरक नाही.

सकाळी गाडीत चढवायच्या आधी तू खांबाला हात लावायला आलास. बुडाशी अंगठा फिरवलास. एकदा, मग उलट दिशेनं एकदा.

"कुणी केलं, एग्बॉन?"

"क्लायंटची माणसं आली होती," मी म्हटलं. "मी नव्हतो इथे."

तू अजून एकदा अंगठा फिरवलास. "ज्यानं केलं त्याचा हात चांगला आहे," म्हणालास आणि दोर बांधायला गेलास.

त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत गोष्ट झाली नाही. तू डबा घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचास. मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. खरंच सांगितलं असतं का? माहीत नाही. पण तू विचारायला हवं होतंस. शिवी द्यायला हवी होतीस, शिकवली होती ना तुला. माझी कॉलर धरायची होतीस, सगळ्यांसमोर. तू नुसता गप्प राहिलास, आणि तुझी ती शांतता मला रोज जेवताना भोगावी लागली. तू गर्विष्ठ होतास, नाद्या. माफी मागायला वाट हवी असते, ती तू मला मोकळी ठेवली नाहीस. मीच काढायला हवी होती, हेही खरं.

जूनमध्ये काम संपलं आणि तुमची चाळीस जणांची तुकडी परत पाठवली. विमानतळाची बस उभी होती. मी तुझ्यासाठी माझी गोल पटाशी आणली होती, बापाच्या हातची. तू ती घेतली नाहीस. हात मिळवलास आणि म्हणालास, "थँक यू, मिस्टर दत्ता."

एवढं म्हणून तू बसमध्ये चढलास. पाच महिने मी मेसेज लिहीत होतो आणि पुसत होतो. आणि आता आदुनी सांगते, ट्रक. शपथ मी मोडली होती. जीभ माझी लागली होती त्या नांगराला. तुझ्या ओगुननं माणूस ओळखण्यात चूक केली, की त्यालाही पाटीवर लिहिलेलंच नाव वाचता येतं? मी रोज गोल करवतीवर काम करतो. मला ओरखडासुद्धा नाही.

त्याच फोनवर आदुनी म्हणाली, "परवा घरातल्या बायका त्याची ओरिकी म्हणणार आहेत. तिकडे त्यानं काय केलं ते घालायचंय. खांब कोरले एवढंच सांगायचा. खाली माझं नाव आहे, म्हणायचा. त्याचा फोटो पाठवा."

नाव आहे, म्हणायचा. म्हणजे घरी तू कधी सांगितलंच नाहीस. कुणाला वाचवलंस? मला, की स्वतःला?

हॉटेलात मला पुढच्या दारानं जाता येत नाही. दारं मी बसवली आहेत, तरी नाही. एका कपाटाचं बिजागर दुरुस्त करायचं निमित्त काढून मागच्या बाजूनं गेलो. लाउंजमध्ये मोठा स्क्रीन लावत होते. खांबाजवळ पितळी पाटी आहे: पारंपरिक आफ्रिकन कोरीवकाम. खाली आमची कंपनी. मी स्वाराचा फोटो काढला, कमरेपासून वर, आणि पाठवला. बंदरात तू इरोकोला पाणी पाजलंस, तेही लिहिलं.

दहा मिनिटांत उत्तर आलं. "किती सुंदर! खालचा भाग?"

मी मालाच्या लिफ्टजवळ उभं राहून तिला फोन केला. इंग्लिशमध्ये वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते विसरलो. म्हटलं, "नाव नाही. होतं. मी काढलं. साहेबांनी सांगितलं, पण हात माझा. आणि मी त्याला खोटं सांगितलं."

तिच्या मागे कोंबडं ओरडत होतं, भांडी वाजत होती. मग फोन बंद झाला.

तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी तिनं रेकॉर्डिंग पाठवलं. बायकांचे आवाज, एक म्हणतेय, बाकीच्या तिच्यामागे. मला फक्त तुझं नाव कळलं. ते पुनःपुन्हा येत होतं, पूर्ण, कुणी तोडलेलं नाही. मी ते पाच-सहा वेळा ऐकलं, आणि मग तिचाच फोन आला. ती शाळेत शिकवते ना, एकेक ओळ फळ्यावर लिहावी तशी समजावून सांगितली तिनं. वाळूच्या देशात ज्यानं घोडेस्वार उभा केला तो. इरोकोच्या म्हाताऱ्याला ज्यानं परक्या बंदरात पाणी पाजलं तो. जो चिडला की आठवडाभर बोलत नसे तो.

मग ती थांबली. "अजून एक ओळ आहे," म्हणाली. "ज्याच्या नावावर त्याच्याच मित्रानं लोखंड चालवलं, तो."

मी डब्याचं झाकण परत लावलं.

"पुढे चाळिसाव्या दिवशी पुन्हा म्हणतील. नंतर दरवर्षी. तुम्ही स्वतःहून सांगितलंत, म्हणून बायका म्हणाल्या, त्याला विचार. नको असेल तर ती ओळ काढू."

वर्कशॉपमध्ये दुपारची सुट्टी होती. सगळे जेवत होते. एक शब्द म्हटला असता तर ते नाहीसं झालं असतं, कुठे खळगा न राहता.

"राहू दे," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

"मग नाव सांगा," आदुनी म्हणाली. "नुसतं मित्र म्हटलं तर त्याच्या सगळ्या मित्रांवर येईल."

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. तिला पहिल्यांदा जमलं नाही. मी पुन्हा म्हटलं, हळू, तोडून तोडून: दत्ता, राम. तिनं मागच्या बायकांना सांगितलं, त्यांनी आपसात म्हणून पाहिलं, कुणीतरी चुकलं, कुणीतरी दुरुस्त केलं. तिसऱ्या वेळी सगळ्यांना बरोबर म्हणता आलं.